तृतीयेचा उतारू

ठाणे, ता. १२ जून १८८४

चि. सौ. गोदूस दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व सुखरूप आहोत. तुझ्या वहिनीने धाडलेले लोणचे पोचले असेलच. बरणी परत करण्याची घाई नाही असे ती म्हणते, म्हणजे घाई आहे असे समजावे.

आता कामाचे लिहितो. या साली नाशकास सिंहस्थ. पुण्याकडची सगळी यात्रा कल्याणास गाडी बदलणार. मागच्या खेपेस लोक रस्त्याच्या कडेला निजले आणि पटकी पसरली, हे साहेबांच्या कानावर गेले आहे. म्हणून कचेरीतून विचारणा झाली आहे की कल्याणास मुक्काम पडला तर उतारू हल्ली निजतात कोठे? धर्मशाळेत, देवळात, बंदरावर, मुसाफरी बंगल्यात, की लोकांच्या घरी? आणि पूर्वीपेक्षा त्यात फरक काय पडला? हे घोंगडे माझ्या गळ्यात आले आहे. कल्याणात घरी उतारू ठेवणारे म्हटले की पारनाक्यावरचे तुझेच घर. तेव्हा तुला ठाऊक असेल तेवढे सगळे लिहून कळव. स्टेशनाजवळ नवी धर्मशाळा बांधायला एक भाटिया शेठ तयार आहेत, त्यांनाही याचा उपयोग होईल.

दुसरी गोष्ट अशी. बारा वर्षांपूर्वी याच सिंहस्थाच्या उतारूंची बोलणी करायला म्हणून विठ्ठलराव नाशकास गेले ते परतले नाहीत. या कामाच्या निमित्ताने मला दर धर्मशाळेत चौकशी करता येईल. सरकारी माणूस दिसला की लोक बोलतात. नवऱ्याचा ठावठिकाणा लागेल गोदू, तू धीर सोडू नको.

तुझा
प्रभाकर


कल्याण, ज्येष्ठ वद्य अष्टमी, शके १८०६

ती. दादांना गोदूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

बरणी धुवून ठेवली आहे, गाडीवान मिळाला की धाडते. वहिनींना म्हणावं जीव टांगणीला लावू नका.

तुमच्या साहेबाला काय सांगायचं ते ऐका. मी लग्न होऊन इथं यायच्या आधी बंदरावर गलबतं लागायची आणि माणसं तिथून चालत पारनाक्याला यायची. मग आगगाडी आली. ती घाटाच्या पायथ्याशीच थांबायची, त्यामुळे अर्धी दुनिया कल्याणास निजायची. सासूबाई सांगत की ओटी, पडवी, माजघर, कुठं पाय ठेवायला जागा नसे. मग घाट फुटले, गाडी थेट वर जाऊ लागली आणि पुरुषमाणसं यायची थांबली. बायकापोरं घेऊन येणारे मात्र अजून आमच्याकडेच. सोवळ्यातलं जेवण, विहीर, दाराला कडी, हे त्यांना धर्मशाळेत कुठलं? आता गाडीच्या वेळा बदलल्यात. पुण्याची गाडी येते आणि नाशकाची लगेच सुटते. चुकलेली माणसं तेवढी राहतात, आणि तीही स्टेशनापासून हलायला मागत नाहीत. तीन दगड मांडतात, भात शिजवतात, तिथंच कलंडतात. देवळात बैरागी. बंदरावर फक्त मिठाच्या होड्यांचे लोक. बंगल्यात साहेब, नाहीतर साहेबाची घोडी.

दादा, नवी धर्मशाळा होऊ देऊ नका. काहीही लिहा. जागा पाणथळ आहे म्हणा, साप निघतात म्हणा. पण माझे उतारू माझ्या घरी राहू देत. आगगाडीची शिट्टी झाली की मी उठून ओट्यावर येते, परत आत जाते, परत येते. हातातलं काम हातात राहतं. चुलीवरचं दूध दोनदा उतू गेलं या आठवड्यात.

आणि यांची चौकशी करू नका. हात जोडून सांगते. बारा वर्षं लोकांनी मला विचारलंय, आता तुम्ही गावभर विचारलंत तर हसं होईल.

एक सांगायचं राहिलंच, खरं तर तेच सांगायला बसले होते. यांच्या धाकट्या भावानं, नाथाभावोजींनी, शास्त्रीबोवांना घरी बोलावलं होतं. माणसाची शेवटची बातमी लागल्यापासून बारा वर्षं झाली की तो गेला असं धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, तेरा दिवस करायचे, आणि बायकोचं जे करायचं ते करायचं. श्रावणात बारा भरतात. भावोजी म्हणाले, पितृपंधरवड्यात उरकून घेऊ. उरकून! माझं कुंकू, माझ्या बांगड्या, माझे केस. आणि मग मागची अंधारी खोली. ओटीवर ते स्वतः बसणार, उतारूबितारू बंद. मी दाराआडून सगळं ऐकलं आणि मग त्यांनाच ताक नेऊन दिलं.

तुमची
गोदू


ठाणे, ता. ५ जुलै १८८४

चि. गोदूस आशीर्वाद.

कचेरीत बसूनच घाईने लिहीत आहे. तुझे पत्र वाचून वाईट वाटले. उतारू कमी झाले म्हणजे तुझा हात आखडणार, हे मी समजू शकतो. पण त्यासाठी खोटे कसे लिहू? जागा पाणथळ नाही, मी स्वतः पाहिली आहे. या खात्यात माझी एवढीच पत आहे की प्रभाकराने लिहिले ते खरे. मी लिहिले ते असे की लोकांच्या घरी उतरण्याची चाल मोडत चालली असून स्टेशनाजवळ निजण्याकडे कल वाढतो आहे. तुझीच माहिती, माझे फक्त अक्षर. साहेब खूष झाले. शेठजींनी पक्क्या इमारतीची वाट न पाहता पत्र्याची पडवी उभी करून दिली आहे, आणि दगडू नावाचा एक भला माणूस तिथे राखणीला ठेवला आहे.

नाथारावांचे म्हणणे कठोर असले तरी शास्त्राला धरून आहे. म्हणूनच मी झटतो आहे ना! बातमी लागली पाहिजे आणि ती पितृपंधरवड्याच्या आधी लागली पाहिजे. दगडूला सांगून ठेवले आहे की नाशकाकडचा जो उतारू येईल त्याला विचारायचे: उजव्या कानात भिकबाळी, पाळी थोडी फाटलेली, उंच, बोलताना मान हलवणारा गृहस्थ कोठे पाहिलात का? नाथारावही संध्याकाळी तिथे पान खायला जाऊन बसतात, म्हणजे दोघांचे कान राहतील.

तू नको म्हणालीस ते लोकलज्जेने, हे मला कळते. बहिणीचे नको भावाने ऐकायचे नसते.

प्रभाकर


कल्याण, आषाढ वद्य नवमी

ती. दादांना नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आत काय लिहिलंय म्हणून नव्हे. वरती "चि. गोदूस" असं आहे. "सौ." कुठं गेलं? शाई संपली होती का? माझ्या जन्मात तुमचं एक पत्र असं आलं नाही. पत्र भावोजींच्या हाती पडलं, त्यांनी पाहिलं, आणि "प्रभाकररावांनीसुद्धा ठरवलेलं दिसतंय" असं म्हणून माझ्यापुढं टाकलं. तुमच्या घाईची माझ्या घरात अशी किंमत होते.

दगडूला आवरा. तुम्हाला वाटतं मी लाजते. लाजेनं कुणी मरत नाही दादा. आजवर नाशकाकडचं माणूस आलं की आधी माझ्या ओट्यावर टेकायचं. पाणी मी द्यायची, कुठून आलात मी विचारायची, आणि ते काय बोललं ते मला कळायचं. आता ते पत्र्याच्या पडवीत टेकतं, भावोजींच्या शेजारी. कोण येतं, काय बोलतं, कुणाजवळ बोलतं, काही म्हणता काही कळत नाही मला. इकडं ओटी रिकामी. सतरंज्या उन्हाला घालते आणि न वापरलेल्याच परत गुंडाळते. मारुती शिंपी, घोटीचा, वर्षातून दोनदा मुंबईला कापड घ्यायला जाताना न चुकता आमच्या ओट्यावर निजायचा. परवा तोही स्टेशनावरूनच गेला म्हणे. भाजीवालीनं सांगितलं.

श्रावण येतोय. श्रावण वद्य तृतीयेला माझा एक नेम आहे, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी एका वाटसरूला पानावर बसवून जेवू घालते. दरवर्षी कुणी ना कुणी घरात असायचंच. या वर्षी कुणाला बसवू? सुचत नाही. देवाजवळ दिवा लावते आणि विसरते की लावला, परत लावायला जाते.

तुमची
सौ. गोदू
(मीच लिहिलं. तुम्ही विसरता म्हणून.)


ठाणे, ता. २९ जुलै १८८४

चि. सौ. सौ. सौ. गोदूस आशीर्वाद. झाले समाधान?

चूक झाली. साहेब समोर उभे होते. वहिनीने मला जे सुनावले ते तुझ्या पत्रापेक्षा तिखट होते.

त्या तुझ्या नेमाची तिने आठवण काढली. चार वर्षांमागे आम्ही त्या दिवशी तुझ्याकडे होतो. मोठ्या भावाला बाजूला बसवून तू एका धुळकट वाटसरूला पहिले पान वाढलेस, म्हणून मी जरा फुगलो होतो. वहिनी म्हणते, खीर आणि वडे ऐन श्रावणात कसे काय केले होते वन्संनी, आणि गवारीची भाजी. तिला स्वयंपाकाच्या गोष्टी बऱ्या आठवतात. मला आठवते ते एवढेच की माझ्या पानाभोवती रांगोळी होती आणि त्या माणसाच्या पानाभोवती नव्हती. त्यावरून मी तुला चिडवलेही होते की पाहुण्याचा मान एवढाच का. तू हसली नाहीस.

दगडूबद्दल एवढे मनाला लावून घेऊ नको. एक उतारू, नावगाव सांगायला तयार नाही असा, भिकबाळीचे ऐकून गोंधळला आणि वळकटी उचलून चालता झाला. परतताना पुन्हा इकडूनच जाईल. दगडूला त्याची खूण पटली आहे. मला वाटते गोदू, धागा हाती लागतो आहे.

प्रभाकर


कल्याण, श्रावण वद्य चतुर्थी

दादा,

आज मायना लिहीत नाही, क्षमा करा.

काल तृतीया झाली. सकाळपासून स्वयंपाक केला आणि दारात उभी राहिले. एकही उतारू नाही. समोरच्या गल्लीत एक कुटुंब आलं, त्यांना त्यांच्या नातलगांनी नेलं. बंदरावर कामाची बाई धाडली, तिथं कुणी नव्हतं. खीर निवली. शेवटी डबा भरला, पदर घट्ट घेतला आणि चालत स्टेशनावर गेले. पारनाक्याची सून भरदिवसा एकटी स्टेशनावर, लोकांनी पाहायचं ते पाहिलं. पडवीत पन्नास माणसं असतील, आपापली भाकरी सोडून बसलेली. मी कुणाला विचारणार? एका म्हाताऱ्याला म्हटलं, बाबा, जेवता का? तो म्हणाला, बाई, जेवलो आत्ताच, बसा तुम्ही. दुसऱ्यानं नवस आहे का म्हणून विचारलं. तिसऱ्यानं डब्यात काय आहे ते पाहिलं, माझ्या कपाळाकडं पाहिलं आणि मान फिरवली. त्याला कळलं. खीर, वडे, गवार पाहून जाणत्याला कळायचंच.

मग मी ते अन्न खाडीत सोडलं. कावळ्यांनी नेलं की माशांनी, देव जाणे.

घरी आले तर भावोजी ओटीवर. म्हणाले, वहिनी, दगडू सांगत होता की प्रभाकररावांना आमच्या दादाबद्दल जाणणारा कुणी माणूस सापडतोय. बरं होईल, एकदाचा निकाल लागेल. मी बरं म्हटलं आणि आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसले. दादा, तुम्ही काय करताय हे तुम्हाला कळत नाही. थांबा. अजून थांबा.

गोदू


ठाणे, ता. २५ ऑगस्ट १८८४

चि. सौ. गोदूस,

हे पत्र तुझ्याच हाती पडावे म्हणून वहिनीच्या भावाबरोबर धाडतो आहे. वाचून चुलीत घाल.

तो माणूस सापडला. मारुती शिंपी, घोटीचा. दगडूने निरोप धाडला आणि मी पहिल्या गाडीने कल्याणास आलो, तुझ्याकडे न येता परस्पर पडवीत गेलो. तो मान खाली घालून बसला होता. मी सरकारी आवाज काढून विचारले. त्याला वाटले, कोणाच्या तरी खुनाची चौकशी चालली आहे. घाबरून त्याने सगळे सांगून टाकले.

विठ्ठलराव नाशकाला पोचलेच नव्हते. घोटीच्या पलीकडे रस्त्यावरच्या एका धर्मशाळेत त्यांना पटकी झाली. शेजारी मारुती होता. श्रावण वद्य तृतीयेच्या पहाटे गेले. त्याने आणि दोन गाडीवानांनी मिळून नदीकाठी अग्नी दिला. मरताना त्यांनी पारनाक्याचा पत्ता सांगितला आणि कानातली भिकबाळी काढून दिली. कार्तिकात मुंबईला जाताना त्याने ती आणून दिली.

मी विचारले, कोणाला दिली? तो म्हणाला, "बाईंना. त्यांच्या हातात. बाईंनी तुम्हाला सांगितलं नाही?"

तृतीया. खीर, वडे, गवार. रांगोळी नसलेले पान. श्राद्धाच्या पानाला रांगोळी घालत नाहीत हे मला काय माहीत नव्हते? मी त्या पानाच्या शेजारी बसून जेवलो आणि तुला चिडवले.

गोदू, बारा वर्षे तू हे एकटीने पोटात ठेवलेस. आणि मी काय समजत होतो? तू बातमीची वाट पाहत ओट्यावर येतेस, तुझे उतारू कमी झाले म्हणून तुझी मिळकत कमी झाली. तू ओट्यावर यायचीस ती बातमी अडवायला. नवी धर्मशाळा मी माझ्या हाताने लिहून आणली, तुझा बांध मी फोडला.

मारुतीला मी माझ्या घरी घेऊन आलो आहे. नाथाराव त्याला शोधत पडवीत येणार होते. सध्या तो आमच्या ओटीवर निजतो आणि वहिनी त्याला जेवू घालते. मला पुढचे सुचत नाही. मी उभ्या जन्मात खोटे लिहिले नाही, आणि खरे लिहावे तर तुझ्या डोक्यावर वस्तरा येतो. तूच सांग.

दादा


कल्याण, श्रावण अमावस्येचा दुसरा दिवस उलटल्यावर केव्हातरी. तिथी पाहायला उठवत नाही.

दादा,

चुलीत घातलं.

काय सांगू? मारुतीनं भिकबाळी हातावर ठेवली तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि घरात सात उतारू जेवायचे होते. मी आमटीत मीठ घातलं आणि वाढायला गेले. ओरडले असते तर त्याच संध्याकाळी न्हावी दारात आला असता. मला आमच्या आत्याबाई आठवल्या. तुम्हालाही आठवत असतील, कोठीच्या खोलीत बसायच्या त्या. मी ठरवलं, नाही. तेवढं एकच ठरवलं, पुढचं आपोआप होत गेलं. उतारू ठेवत गेले, ओट्यावर उभी राहत गेले, आणि सगळ्या गावाला वाटलं की बिचारी वाट पाहते. मारुतीला म्हटलं होतं, भाऊ, कुणाला सांगू नका. त्यानं कधी तोंड उघडलं नाही. दर फेरीला यायचा, जेवायचा, माझ्याकडं बघायचा नाही. आता स्टेशन जवळ पडतं म्हणून तिकडं राहिला. त्याला तरी काय म्हणू?

तुम्हाला वाटत असेल मला फक्त केसांचं पडलंय. असू दे, पडलंय. पण दुसरंही ऐका. बारा वर्षांत मी त्यांच्यासाठी रडले नाही. सौभाग्यवती बाई कशासाठी रडेल? हळदीकुंकवाला गेले, मंगळागौरी जागवल्या, पोरीबाळींच्या ओट्या भरल्या, आणि दर वेळी मनात की हे माझ्याकडून होऊ नये ते होतंय, कुणाचं वाईट होऊ नये. आणि ते उपाशी. श्राद्ध नाही, पाणी नाही. म्हणून तो तृतीयेचा उतारू. भुकेलं माणूस माझ्या दारात येऊन जेवलं की वाटायचं, पोचलं. या वर्षी तेही पोचलं नाही.

मी तुम्हाला खोटं बोला म्हणणार नाही. तुमचा तो स्वभाव मला आवडतो, अगदी लहानपणापासून. आंबे मी चोरायची आणि वडिलांना तुम्ही जाऊन सांगायचात. जे खरं ते लिहा. फक्त पाकिटावर काय लिहिणार ते मला आधी कळवा, म्हणजे ते भावोजींच्या हातून माझ्यापुढं पडेल तेव्हा मी बसलेली असेन.

गोदू


ठाणे, ता. ३ सप्टेंबर १८८४

राजमान्य राजश्री नाथाराव यांसी प्रभाकराचा नमस्कार. विशेष लिहिण्याचे कारण की,

आपण दगडूमार्फत ज्या इसमाची चौकशी करीत होता तो मला भेटला. त्याला समोर बसवून, उलटसुलट प्रश्न विचारून, मी खात्री करून घेतली आहे. तो सांगतो की येत्या चैत्रात, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांमागे, त्याने त्र्यंबकास गोसाव्यांच्या एका मेळ्यात उजव्या कानाची पाळी फाटलेला, उंच, बोलताना मान हलवणारा गृहस्थ पाहिला. नाव विचारता त्यांनी विठ्ठल, राहणार कल्याण पारनाका, असे सांगितले. प्रकृती चांगली होती. मेळा उत्तरेस गेला.

शेवटची बातमी लागल्यापासून बारा वर्षे मोजावीत असे आपल्या शास्त्रीबोवांचेच मत आहे. त्या अर्थी मोजणी या चैत्रापासून करावी लागेल, आणि पितृपंधरवड्यात योजलेला विधी केल्यास जिवंत माणसाचे दहन केल्याचा दोष आपणा सर्वांस लागेल. तो इसम आपल्या गावी गेला असून पुन्हा या बाजूस येणार नाही. त्याच्या बोलण्याची जबाबदारी मी घेतो. मी आजवर काय लिहीत आलो ते आपण जाणता.

प्रभाकर


ठाणे, ता. ३ सप्टेंबर १८८४

चि. सौ. गोदूस दादाचे अनेक आशीर्वाद.

नाथारावांना लिहिले ते ते तुला वाचून दाखवतीलच. त्यातला एकच शब्द खरा आहे, पाळी फाटलेली. चैत्राला "येत्या" लिहिले गेले, "गेल्या" पाहिजे होते. तेवढी एक चूक राहिली, पण दुसऱ्यांदा ते पत्र लिहायला हात धजेना. मारुतीला गावाबाहेर खोपट नाक्यापर्यंत मी स्वतः पोचवून आलो. पुढे गाडीवानाबरोबर तो सडकेने जाईल, कल्याणास उतरणार नाही.

लिहिताना हात कापेल असे वाटले होते. कापला नाही. वहिनी शेजारी उभी राहून वाचत होती. ती म्हणाली, अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले आहे.

आता माझे ऐक. पंधरवडा लागला की चार दिवस माहेरपणाला ये. नाथाराव अडवणार नाहीत. नवऱ्याची बातमी लागली म्हणून देवाला जाते असे सांग. इथे तळ्याकाठी मी तीळपाणी देईन. मेहुण्याने दिलेले पोचते, भटजींना आडून विचारून घेतले आहे. आणि मागच्या खोलीला आतून कडी आहे. वहिनी मुलांना घेऊन तिच्या भावाकडे जाईल. तू तिथे बस आणि किती रडायचे ते रड. कोणी विचारायला येणार नाही.

दादा


कल्याण, भाद्रपद पौर्णिमा

दादा,

परवा निघते. भावोजींनी तुझं पत्र ओटीवर बसून मोठ्यानं वाचलं आणि मला विचारलं की वहिनी, आता तरी खूष? मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा पडला, पण त्यांनी पेढे आणले. बिचारे. शेवटी भाऊच ना, दोन घास खाल्ले आणि डोळे पुसले. मला त्यांच्याकडं बघवेना.

सिंहस्थाची माणसं सुटली आहेत. पडवी भरून वाहते, बाहेर चिखल, म्हणून दगडूच आता बायकापोरांना पारनाक्याची वाट दाखवतो. काल सतरंज्या कमी पडल्या. मी त्यांना विचारलं, कुठून आलात? नाशकाकडचं कुणी आहे का? विचारताना पहिल्यांदा छातीत धडधडलं नाही.

तू म्हणालास रडायला ये. मला येईल का रे? इतकी वर्षं मोडलेली सवय. नाही आलं तर हसू नको.

बरणी बरोबर आणते. भिकबाळीही आणते, ती तळ्यात सोडू. पाणी देताना गोत्र काश्यप म्हणायचं. नाव तू घेशील, पण मला पण घ्यायचंय तिथं उभं राहून. लग्नात उखाण्यात घेतलं ते शेवटचं, नंतर बायको म्हणून घेतलं नाही आणि विधवा म्हणून घेता आलं नाही. आधी लिहून बघते, जमतंय का.

विठ्ठल.

गोदू